खेचर, काळं मांजर आणि मिनिटात उठणारा लांडगा

कोल्हापुरात डन्जन्स अँड ड्रॅगन्स खेळणाऱ्या कुठल्याही गटात जाऊन बसा, पहिल्या तासाभरात कुणीतरी काहीतरी पाळायला मागतंच. खजिन्यासाठी गुहेत शिरलेली मंडळी वाटेत सापडलेल्या लांडग्याच्या पिल्लापायी अख्खी दुपार घालवतात. आधी त्याला खायला काय घालायचं यावर चर्चा, मग नाव, मग ते कुणाजवळ झोपणार यावरून वाद. गोष्ट चालवणारा डंजन मास्टर तोवर कपाळाला हात लावून बसलेला असतो. पिल्लाचं एकदा ‘वाघ्या’ असं नाव ठेवलं गेलं, की पुढच्या लढाईत त्याला सहजासहजी मारता येत नाही, हे त्याला पक्कं ठाऊक असतं.

टेबलाभोवती बसून, फासे टाकत, तोंडी गोष्ट रचत खेळायच्या या खेळांत सोबतीची जनावरं पहिल्यापासून आहेत. त्यांची किंमत मात्र आवृत्तीगणिक बदलत आली. मी म्हणतोय ती किंमत जनावर मेल्यावर खेळाडूला मोजावी लागणारी. गेल्या पन्नास वर्षांत ती इतकी उतरली, की जुने नियम आज वाचले तर थट्टा वाटावी.

सुरुवात १९७४ ची. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात लेक जिनिव्हा नावाचं छोटं गाव आहे. तिथल्या गॅरी गायगॅक्सनं डेव्ह आर्नेसनच्या साथीनं डन्जन्स अँड ड्रॅगन्स हा खेळ टीएसआर या कंपनीतर्फे बाजारात आणला. एका खोक्यात तीन पातळ पुस्तिका, बस्स. दोघंही मुळात लढायांचे खेळ खेळणारे. सैन्याच्या खेळात घोडा हा घोडदळाचा एक आकडा असतो, आणि तीच नजर इथंही आली. सामानाच्या यादीत दोरखंड आणि मशालींच्या जोडीला खेचर २० सोन्याची नाणी, हलका घोडा ४०, जड लढाऊ घोडा २००. यातलं खेचर सगळ्यात महत्त्वाचं होतं, कारण पात्राची पातळी वाढते ती अनुभवाच्या गुणांवर, आणि तेव्हा हे गुण मिळत ते प्रामुख्यानं बाहेर काढलेल्या सोन्यावर. नाण्यांना वजन होतं आणि माणसाच्या पाठीला मर्यादा. खेचर मेलं तर दुःख एवढंच, की अर्धा खजिना मागं ठेवावा लागे. खेळाडूंची पात्रंही तेव्हा भराभर मरत. खेचरासाठी रडायला कुणाला वेळ होता?

नंतरच्या दोन वर्षांत पुरवण्या निघाल्या, त्यांतून पात्रांचे नवे प्रकार आले. १९७५ मध्ये धर्मयोद्धा म्हणजे पॅलाडिन आला, १९७६ मध्ये जंगलाची भाषा जाणणारा ड्रुइड. ड्रुइडच्या कल्पनेचं श्रेय डेनिस सस्टेअरला जातं. या माणसानं त्याच १९७६ साली एका मित्रासोबत ‘बनीज अँड बरोज’ नावाचा वेगळाच खेळ काढला. त्यात खेळाडू स्वतःच ससे होतात आणि माणूस हा त्यांच्यासाठी सगळ्यात भयानक प्राणी असतो. पाळीव जनावराच्या इतिहासात हा फाटा थोडा बाजूला पडतो, पण मला तो फार आवडतो.

खरी कलाटणी १९७८ च्या ‘अ‍ॅडव्हान्स्ड’ आवृत्तीतली. जादूगाराच्या अगदी पहिल्या पातळीच्या मंत्रांत एक होता ‘फाइंड फॅमिलियर’. फॅमिलियर म्हणजे जादूगाराच्या जिवाशी बांधलेलं छोटं जनावर. ही कल्पना खेळवाल्यांनी हवेतून काढलेली नाही. इंग्लंडमध्ये चेटकिणींवर जे खटले चालले, त्यांत अशा जनावरांचा उल्लेख पुन्हा पुन्हा येतो. १५६६ मध्ये चेम्सफर्डला फाशी गेलेल्या अ‍ॅग्नेस वॉटरहाऊसवर सैतान नावाचं मांजर पाळल्याचा आरोप होता. १६४० च्या दशकात मॅथ्यू हॉपकिन्स गावोगाव चेटकिणी शोधत हिंडला. त्याच्या १६४७ च्या पुस्तिकेच्या पहिल्या चित्रात अशा जनावरांची नावंसुद्धा छापली आहेत, व्हिनेगर टॉम, पायवॅकेट वगैरे. ज्या पाळलेल्या मांजरापायी बायका फासावर गेल्या, ते चारशे वर्षांनी पोरांच्या खेळात मदतीला आलं.

मंत्राची रीत मजेशीर होती. १०० नाण्यांचा कोळसा, धूप आणि वनस्पती पितळी शेगडीत जाळायच्या, मग २० बाजूंचा फासा टाकायचा. १ ते ४ आले तर काळं मांजर. पुढं क्रमानं कावळा, ससाणा, घुबड, भेक आणि मुंगसाच्या चणीचा वीझल. १५ आले तर काहीतरी अद्‌भुत. १६ ते २० पडले तर कुणीच येत नसे, १०० नाण्यांचा धूर. जे जनावर येई त्याला जेमतेम २ ते ४ प्राणगुण असत; हे गुण संपले की मरण. ते जवळ असेपर्यंत त्याचे गुण मालकाच्या गुणांत धरले जात. मेलं, तर त्याच्या दुप्पट गुण मालकाचे कायमचे जात. पहिल्या पातळीच्या जादूगाराकडे स्वतःचे असून असून चार. म्हणजे मांजर गेलं की मालकही जवळजवळ गेलाच. पॅलाडिनचंही तसंच. चौथ्या पातळीला त्याच्या हाकेला एक दैवी घोडा येई, पण दुसऱ्याला हाक मारायची तर मध्ये दहा वर्षं जावी लागत. खेळातली दहा वर्षं म्हटली तरी एवढी वर्षं चालणारी मोहीम कुणी पाहिली आहे? पहिला घोडा तोच शेवटचा.

हे नियम क्रूर होते असं नव्या पोरांना वाटतं. मला ते जनावराची कदर करणारे वाटतात, आणि त्याला कारण आपल्याच गावात आहे. कोल्हापूर संस्थानात चित्त्यांकरवी काळविटाची शिकार चाले. चित्त्याच्या डोळ्यांवर झापड बांधून त्याला गाडीवर बसवून माळावर नेत. कळप टप्प्यात आला की चित्तेवान झापड काढी. शिकार पकडल्यावर चित्ता तिच्या गळ्याला धरून बसलेला असे. चित्तेवान हळूच जवळ जाई, लाकडी पळीत रक्त धरून त्याच्या तोंडापुढं करी आणि तेवढ्यात शिकार सोडवून झापड पुन्हा चढवी. सगळा खेळ त्या पळीवर आणि एका माणसाच्या हातावर. हा चित्ता गेला तर दुसरा तयार होत नसे, कारण बंदिवासात चित्त्यांना पिल्लं होत नाहीत असाच शेकडो वर्षांचा अनुभव होता. जंगलात आईकडून शिकार शिकलेला वाढलेला चित्ता पकडायचा आणि त्याला माणसाळवायचं, हाच मार्ग. आपल्याकडचे चित्ते संपत आले तेव्हा विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात कोल्हापूरनं ते आफ्रिकेतून मागवले. भारतातून चित्ता नामशेष झाल्याचं १९५२ मध्ये जाहीर झालं. एक जनावर गेलं की दुसऱ्यासाठी बोटीची वाट पाहायची, हा हिशेब १९७८ च्या पॅलाडिनला लगेच समजला असता.

पुढं टीएसआर डबघाईला आली, १९९७ मध्ये विझार्ड्स ऑफ द कोस्टनं ती घेतली आणि २००० साली तिसरी आवृत्ती काढली. मधल्या काळात कंप्युटरवरही सोबतीची जनावरं रुळली होती. १९८७ च्या ‘नेटहॅक’मध्ये खेळ सुरू होतो तोच बहुधा शेजारी कुत्र्याचं किंवा मांजराचं पिल्लू घेऊन, आणि दुकानातला माल त्या पिल्लाकडून पळवून आणणं ही तिथली जुनी युक्ती. टेबलावर मात्र जनावराचे सगळ्यात बारकाईचे नियम आले ते २००३ च्या साडेतीन आवृत्तीत. इथं सोबतीचं जनावर मंत्रातून सुटलं आणि ड्रुइडला पहिल्या पातळीपासून हक्कानं मिळू लागलं: लांडगा, कुत्रा, गरुड, घुबड, साप, अगदी उंटसुद्धा. आमच्या टेबलावर या यादीवरून हमखास विचारलं जातं, “घोरपड कुठाय?” कोंढाण्याच्या कड्यावर चढलेली यशवंती इतिहासात खरी की दंतकथा, हा वाद अभ्यासकांनी घालावा. मराठी पोराच्या डोक्यात सोबतीचं जनावर म्हटलं की पहिली तीच येते. घोरपड आहे, चौथ्या पातळीला, आणि चित्ताही त्याच ओळीत आहे.

त्या आवृत्तीत जनावर हाताळण्याचं कसब वेगळं मोजलं जाई. ये, थांब, धर, राख, माग काढ अशा ठरावीक आज्ञा. बुद्धी २ असलेलं जनावर सहा आज्ञा शिके, १ असलेलं तीन. शिकवलेली आज्ञा पाळून घ्यायला फाशावर १० पुरत, जनावर जखमी असेल तर १२. न शिकवलेलं काही करून घ्यायचं तर २५. दिवाळीच्या पाडव्याला कसबा बावड्यात किंवा सागरमाळला म्हशींचा थाट ज्यानं पाहिलाय, त्याला हे आकडे समजावून सांगावे लागत नाहीत. शिंगं रंगवलेली, गळ्यात घुंगरं घातलेली म्हैस मालकाच्या मोटरसायकलमागं भर गर्दीतून सुसाट पळते. दोरी नाही, काठी नाही, फक्त मालकाची हाक आणि गाडीचा आवाज. शेजारच्यानं हाक मारून बघावी, ती मान वळवणार नाही. ‘ये’ ही आज्ञा, १० चा आकडा, त्यामागं वर्षभराचं गवळ्याचं काम.

पण याच आवृत्तीत मृत्यूची किंमत घसरायला लागली. जादूगाराचं जनावर मेलं तर अनुभवाचे गुण कापले जात, प्राणगुण शाबूत. पॅलाडिनची दहा वर्षं तीस दिवसांवर आली, तेवढे दिवस त्याचा वार थोडा कच्चा पडे. ड्रुइडला चोवीस तासांची अखंड प्रार्थना केली की नवं जनावर.

असं का झालं? खेळ बदलला होता. पूर्वी एकेक खेळाडू पात्रं, नोकर, खेचरं यांचा तांडा घेऊन उतरे, त्यातलं काही मरणारच हे गृहीत असे. आता एक खेळाडू, एक नायक आणि वर्षानुवर्षं चालणारी त्याची गोष्ट. त्यात जनावर ही त्या नायकाची शक्ती म्हणून कागदावर लिहिलेली. ती शक्ती निम्म्या मोहिमेत गायब झाली तर खेळाडूनं करायचं काय? म्हणून ती लवकर परत मिळायची सोय झाली. त्यातून दुसरं दुखणं उपटलं. ड्रुइड मंत्र टाकतोय, त्याचं अस्वल त्याच फेरीत दोन पंजे आणि एक चावा मारतंय, आणि शेजारचा साधा तलवारवाला एकदा वार करून पुढच्या पाळीची वाट बघत बसलाय. एकट्याच्या दोन पाळ्या. टेबलावर कुरबुर होणारच.

२०१४ च्या पाचव्या आवृत्तीनं हा तोल दुसऱ्या टोकाला नेला. रेंजर म्हणजे रानावनात वावरणारा लढवय्या. त्याच्या ‘बीस्ट मास्टर’ प्रकारात जनावराला हल्ला करायला सांगायचं तर रेंजरनं स्वतःची कृती खर्ची घालायची. लांडगा चावेल, पण मग तू धनुष्य खाली ठेव. आमच्यातल्या एकानं हे ऐकून पहिल्याच लढाईत विचारलं, “मग मी काय नुसता बघत उभा राहू काय लगा?” जगभरच्या टेबलांवर हीच तक्रार होती. वर जनावर दुबळं, चटकन मरणारं, आणि मेलं तर आठ तास घालवून दुसऱ्याशी नातं जोडायचं. या आवृत्तीतली जादूगाराची घुबडं मात्र मजेत होती. १० नाण्यांचं साहित्य आणि तासभराचा विधी, मेलं तर पुन्हा बोलवा. घुबड स्वतः हल्ला करत नाही, पण उडत येऊन शत्रूचं लक्ष वेधतं आणि पलटवार न खाता निघून जातं. त्यामुळं ज्याच्या त्याच्या खांद्यावर घुबड दिसू लागलं. पॅलाडिनच्या घोड्यालाही आता हाक मारायला दहा मिनिटं पुरत होती.

‘पाथफाइंडर’ हा साडेतीन आवृत्तीच्या पोटातून २००९ मध्ये निघालेला खेळ. त्याच्या २०१९ च्या दुसऱ्या आवृत्तीनं सुटसुटीत तोड काढली: तुझ्या तीन कृतींपैकी एक जनावराला सांगण्यात घाल, ते दोन करील. माझ्या मते आजवरचा हा सगळ्यात प्रामाणिक हिशेब. सांगायला कष्ट पडतात, पण सांगितल्याचं चीज होतं.

डन्जन्स अँड ड्रॅगन्सनं २०२० मध्ये एका पुरवणीतून चूक दुरुस्त केली. जमिनीवरचं, पाण्यातलं आणि आकाशातलं अशी तीन साचेबंद जनावरं दिली. ती मालकाबरोबर बळावत जातात आणि छोट्या जादा कृतीत हुकूम घेतात. ती मेली तर? तासाभराच्या आत हात लावा, एक मंत्रशक्ती खर्च करा, मिनिटभरात जनावर पूर्ण बरं होऊन उभं. २०२४ च्या नव्या पुस्तकातही हाच रेंजर आहे.

मधल्या काळात लोकांची माया नियमांच्या पुढं गेली होती. घुबडाचं डोकं आणि अस्वलाचं धड असलेला औलबेअर हा १९७५ पासूनचा राक्षस. तो गायगॅक्सला सुचला हाँगकाँगच्या स्वस्त प्लॅस्टिक खेळण्यांच्या पुडक्यातून. फाडून खाणं हाच त्याचा धंदा. २०२३ च्या ‘बाल्डर्स गेट ३’ या कंप्युटर खेळात त्याचंच पिल्लू खेळाडूच्या तळावर राहायला आलं, आणि लोक लढाया सोडून त्याला कुरवाळत बसले.

आमच्या गटात सध्या भांडण आहे ते त्या एका मिनिटावर. मी डंजन मास्टर, माझं म्हणणं मेलेलं जनावर मेलं. नवं हवं तर ते गोष्टीत शोधा, माणसाळवा, दोन-तीन बैठका लागल्या तर लागू देत. रेंजर खेळणारा ऐकत नाही. “भावा, तलवारवाल्याची तलवार मोडली तर तो दोन बैठका मोकळ्या हातानं लढतो काय?” त्याचं म्हणणं नियमाला धरून आहे, माझं चित्तेवानाच्या बाजूचं. तूर्त तडजोड अशी निघाली: जनावर मिनिटात उठतं, पण शिकवलेल्या आज्ञांपैकी एक विसरतं. कुठली, ते फासा ठरवतो. गेल्या वेळी त्याचा लांडगा ‘थांब’ विसरला, आणि पुढच्या पुलावर सगळे पकडले गेले.