महसीर : प्रजनन आणि पिलांचे निरीक्षण

दख्खनी महसीर, शास्त्रीय नाव टॉर खुद्री, या गोड्या पाण्यातील माशाची वीण कोठे व केव्हा होते आणि पिलांपैकी किती पुढच्या पावसाळ्यापर्यंत तगतात, हे ठरावीक काळाने तपासण्याची पद्धत. जातीचे वर्णन ब्रिटिश निसर्ग-अभ्यासक साइक्स यांनी 1839 मध्ये पुण्याजवळील मुळा-मुठेच्या माशांवरून केले. मुंबईला 1915 पासून वीज देणाऱ्या टाटांच्या लोणावळा परिसरातील जलाशयांवर मत्स्यशास्त्रज्ञ सी. व्ही. कुलकर्णी यांनी कृत्रिम प्रजननाचा पाया घातला. त्यांचे लेख साधारण 1970 च्या दशकात मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात आले.

मादी सगळी गाभोळी, म्हणजे पोटातली अंडी, एकदाच सोडते की टप्प्याटप्प्याने, हा जुना वाद आहे. एकोणिसाव्या शतकातील इंग्रज गळकऱ्यांनी ती कोंबडीसारखी थोडी थोडी अंडी घालते, असे लिहून ठेवले. लोणावळ्याकडे मुख्य हंगाम पावसाळ्यातला, ढोबळमानाने जुलै ते सप्टेंबर. तथापि एकाच अंडाशयात लहानमोठ्या आकाराची अंडी आढळत असल्याने टप्प्यांचे मत अधिक ग्राह्य वाटते; सर्व नद्यांना ते सरसकट लावू नये. हा केवळ शास्त्रार्थ नव्हे. वीण टप्प्यांनी होत असेल, तर एकाच फेरीत मोजलेली पिले त्या वर्षाचा अंदाज देत नाहीत.

रोहूची मादी किलोमागे लाखावर अंडी देते, महसीरची काही हजार. अंडी पिवळसर-सोनेरी, दोन-तीन मिमी. व्यासाची, जड व तळाशी बसणारी असतात. ती साधारण तीन-चार दिवसांत फुटतात. नवजात पिले गोट्यांच्या फटीत डोके खुपसून नुसती शेपटी हलवत राहतात. पीतक, म्हणजे अंड्यातून आलेला अन्नसाठा, संपेपर्यंत त्यांना धड पोहता येत नाही. वाळू-उपशाचा गाळ किंवा धरणातून अचानक सोडलेले पाणी याच दिवसांत सर्वाधिक घातक ठरते. निरीक्षण मात्र बहुधा बोटुकलीपासून, म्हणजे बोटाएवढ्या पिलापासून, सुरू होते, ही त्यातली मोठी उणीव होय.

अंडाशयाचे वजन शरीराच्या वजनाशी ताडण्याची जुनी रीत मासा मारूनच साधते. संकटग्रस्त जातीत ती टाळावी. त्याऐवजी बारीक नळीने काढलेली अंडी, सोनोग्राफी, मासा ओळखण्यासाठी त्वचेखाली बसवलेली चिप आणि परांच्या (पोहण्याच्या पंखांच्या) तुकड्यावरून जनुकीय चाचणी वापरतात. काठाच्या उथळ पाण्यात बारीक जाळे ओढून पिले मोजतात व परत सोडतात. कर्णाश्मावरील, म्हणजे कानातील खड्यासारख्या हाडावरील, दैनिक वलयांनी पिलाचे वय कळते, पण त्यासाठी पिलू मरते.

नदीत सोडलेल्या बोटुकल्यांचा आकडा जगण्याचा पुरावा मानू नये. त्या वाढून स्वतः विणतात का, हे जनुकीय खुणांवरूनच कळते. आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघटनेच्या धोक्यातील जातींच्या यादीत ही जात आधी संकटग्रस्त होती, नंतर किमान चिंतेच्या वर्गात गेली. उलट कावेरीत बाहेरून सोडलेली हीच जात तेथील अतिसंकटग्रस्त टॉर रेमादेवी या कुबडधारी महसीरला भारी पडली, असे अभ्यासक मानतात.

कोकणातील माहिती त्रोटक आहे. रायगड जिल्ह्यातील वाळण कोंड येथे काळ नदीच्या डोहात हे मासे देवीचे म्हणून राखले जातात. तेथे जाळे टाकता येत नसल्याने काठावरून आकारमानानुसार मोजणी करणेच शक्य आहे.