थंडीने मंदावलेले कालव आणि गोड्या पाण्यापुढे मिटलेले कालव

पावसाळ्यात खाडीतले कालव हातात घेतले तर ते इतके घट्ट मिटलेले असते की कोयतीचे टोकही आत शिरत नाही, आणि पाणी गार लागत असल्यामुळे ‘थंडीने आखडले’ असे सहज म्हटले जाते. कोकणात मोत्याची कालवे वाढवू पाहणाऱ्याने हा समज आधी दूर करावा.

कालवाला शरीराची ऊब राखता येत नाही. पाण्याचे तापमान तेच त्याचे तापमान. पाणी थंडावले की कल्ल्यांवरच्या सूक्ष्म केसांची हालचाल मंदावते, पाणी कमी गाळले जाते आणि अन्न कमी मिळते. पण हृदयाचे ठोके आणि प्राणवायूची गरजही त्याबरोबरच उतरते. पाणी १० अंशांनी थंडावले, तर चयापचयाचा वेग ढोबळमानाने निम्म्यावर येतो. म्हणजे आवक घटते तसा खर्चही घटतो आणि श्वसन संथपणे चालू राहते. मोत्यांची शेती रुजवणारे जपानी उद्योजक कोकिची मिकिमोतो यांनी १८९३ मध्ये जिथे अर्धगोल मोती पिकवला, त्या जपानच्या किनाऱ्यावर पाणी १३ अंशांच्या आसपास उतरले की मोत्यावर थर चढणे जवळजवळ थांबते. त्याआधीच्या गारव्यात सावकाश चढलेले थर पातळ असतात, मोत्याचे पाणी त्यांनीच खुलते, म्हणून तिथे मोती हिवाळ्यात काढतात.

रत्नागिरी-मालवणचा समुद्र ऐन पौषातही इतका थंड होत नाही. इथला खरा धोका नद्यांच्या पुराचा आहे. खारेपणा एकाएकी उतरला की कालव शिंपा मिटून जुने खारे पाणी आत कोंडून ठेवते. पाणी मात्र उबदारच असल्यामुळे शरीराची भूक फारशी उतरलेली नसते. आतला प्राणवायू संपला की ग्लायकोजनवर, म्हणजे शरीरात साठवलेल्या पिष्टासारख्या साठ्यावर, प्राणवायूविना गुजराण सुरू होते. त्यातून आम्ले साचतात आणि ती शमवण्यासाठी शिंपल्याचाच चुना थोडाथोडा विरघळतो. याला विश्रांती म्हणणे मला पटत नाही, हा कोंडलेला श्वास आहे.

गारठलेल्या कालवाच्या शिंपा बहुधा किंचित उघड्या असतात आणि टिचकी मारल्यावर सावकाश मिटतात. गोड्या पाण्याला अडवून बसलेले कालव आधीच मिटलेले असते. तरीही केवळ नजरेवर न विसंबता तापमानाबरोबर खारेपणाही मोजावा, आणि तोही कालवांची टोपली ज्या खोलीवर टांगली असेल तिथे, कारण पुराचे गोडे पाणी हलके असल्याने वर तरंगते. तळाजवळ खारे पाणी मिळाले, तर टोपली काही हात खाली सोडावी. उथळ खाडीत ती सोय नसते, तिथे आगोठीपूर्वीच टोपल्या खाडीच्या मुखाबाहेर हलवाव्या लागतात.