जपानी सिंगल ग्रेन व्हिस्की : आस्वाद आणि मूल्यमापन

मका, गहू, राय (गव्हासारखे एक तृणधान्य) यांसारख्या धान्यांत माल्ट केलेली, म्हणजे मोड आणून वाळवलेली, बार्ली मिसळून, जपानमधील एकाच डिस्टिलरीत तयार केलेल्या आणि लाकडी पिंपांत मुरवलेल्या व्हिस्कीला जपानी सिंगल ग्रेन व्हिस्की म्हणतात. ‘सिंगल’ हे विशेषण डिस्टिलरीला लागू होते, धान्याला नव्हे. त्यामुळे निरनिराळ्या धान्यांपासून आणि निरनिराळ्या यंत्रांवर काढलेले मद्य एकत्र केले, तरी ते सारे एकाच डिस्टिलरीचे असेपर्यंत ती सिंगल ग्रेनच राहते. बहुतेक ग्रेन व्हिस्की स्तंभाच्या आकाराच्या, अखंड चालणाऱ्या यंत्रावर ऊर्ध्वपातित होते आणि पॉट स्टिलवर, म्हणजे एका वेळी एकच खेप काढणाऱ्या मडक्याच्या आकाराच्या यंत्रावर, काढलेल्या केवळ माल्टच्या व्हिस्कीपेक्षा (माल्ट व्हिस्कीपेक्षा) हलकी असते. म्हणूनच तिचा कस लावताना गंधाच्या तीव्रतेपेक्षा स्वच्छता, पोत आणि पिंपाशी जमलेला मेळ यांना अधिक महत्त्व द्यावे लागते. धूर, पीट (माल्ट वाळवताना जाळले जाणारे, धुरकट वास देणारे दलदलीतले इंधन) किंवा शेरी या स्पॅनिश वाइनच्या पिंपाचा दाट गोडवा यांची अपेक्षा ठेवून ती चाखणाऱ्याला तिच्यात जे आहे तेही सापडत नाही.

जपानमध्ये हे मद्य दीर्घकाळ पडद्याआडच राहिले. माल्ट आणि ग्रेन यांच्या मिश्रणाने होणाऱ्या ब्लेंडेड व्हिस्कीचा मोठा भाग ग्रेन व्हिस्कीचा असतो, परंतु तिची स्वतंत्र बाटली क्वचितच निघत असे. निक्का कंपनीचे संस्थापक मासाताका ताकेत्सुरू १९१८ मध्ये स्कॉटलंडला गेले, तेव्हा माल्ट डिस्टिलरींबरोबरच बोनेस येथील ग्रेन डिस्टिलरीतही त्यांनी काम शिकून घेतले. तेथे पाहिलेले ‘कॉफी स्टिल’ हे स्तंभाच्या आकाराचे यंत्र त्यांनी १९६३ मध्ये स्कॉटलंडहून मागवून निशिनोमिया येथे बसवले. या यंत्राचा पेयाच्या कॉफीशी संबंध नाही. १८३० मध्ये त्याचे पेटंट घेणारे आयरिश अबकारी अधिकारी इनियस कॉफी यांचे नाव त्याला मिळाले आहे. आधुनिक बहुस्तंभी यंत्रांच्या तुलनेत ते कमी कार्यक्षम असते आणि धान्याचे व किण्वनाचे गंध काही प्रमाणात मद्यात राहू देते. इंधन व वेळ यांचा हिशेब पाहता ते गैरसोयीचे ठरते, पण निक्काच्या ग्रेन व्हिस्कीचा तेलकट, भरलेला पोत बऱ्याच अंशी त्यातूनच येतो. ही स्टिल १९९९ मध्ये सेंदाईजवळच्या मियागिक्यो डिस्टिलरीत हलवण्यात आली. २०१२ मध्ये आधी युरोपात आलेली ‘निक्का कॉफी ग्रेन’ ही मुख्यतः मक्यापासून केलेली, ४५ टक्के अल्कोहोलची व्हिस्की आहे. तिच्या जोडीची ‘कॉफी माल्ट’ पूर्णपणे माल्ट केलेल्या बार्लीची असते, मात्र स्तंभातून काढलेली असल्याने स्कॉटलंडच्या नियमांनी तिची गणना ग्रेन व्हिस्कीत झाली असती.

आइची प्रांतातील चिता द्वीपकल्पावर सनटोरी कंपनीची चिता डिस्टिलरी १९७२ मध्ये स्थापन झाली. दोन, तीन किंवा चार स्तंभ वापरून तेथे अनुक्रमे जड, मध्यम आणि स्वच्छ अशा तीन प्रकारचे मद्य काढले जाते. ‘हिबिकी’सारख्या ब्लेंडचा आधार असलेले हे मद्य २०१५ मध्ये ‘द चिता’ या नावाने, ४३ टक्के अल्कोहोलसह स्वतंत्रपणे बाजारात आले. फुजी पर्वताच्या पायथ्याशी गोतेंबा येथे किरिन कंपनीच्या डिस्टिलरीत १९७३ पासून उत्पादन होते. तेथे बहुस्तंभी यंत्र, केटल (खेपेखेपेने मद्य काढणारे भांडे) आणि बर्बन या अमेरिकन व्हिस्कीच्या धर्तीचा डबलर (मद्य दुसऱ्यांदा ऊर्ध्वपातित करणारे भांडे) अशा तीन निराळ्या पद्धती एकाच आवारात चालतात. २०२० मध्ये आलेल्या ४६ टक्क्यांच्या ‘फुजी सिंगल ग्रेन’मध्ये या तिन्हींचे मद्य एकत्र येते. ग्रेन व्हिस्की म्हणजे एकच, बिनचेहऱ्याची चव हा समज खोडून काढायला या तीन डिस्टिलरींच्या बाटल्या शेजारी शेजारी ठेवून चाखणे पुरेसे आहे.

जपानी मद्यउत्पादक संघटनेने आखलेला मानदंड १ एप्रिल २०२१ पासून अंमलात आला. त्यानुसार ‘जपानी व्हिस्की’ म्हणवून घेण्यासाठी माल्ट केलेले धान्य वापरणे अनिवार्य आहे, पाणी जपानमधलेच असावे लागते, आणि शर्करीकरण (धान्यातील पिष्टाचे साखरेत रूपांतर), किण्वन व ऊर्ध्वपातन जपानमधील डिस्टिलरीत व्हावे लागते. ऊर्ध्वपातनानंतरचे अल्कोहोल ९५ टक्क्यांपेक्षा कमी असावे, मद्य ७०० लिटरपर्यंतच्या लाकडी पिंपांत किमान तीन वर्षे जपानमध्येच मुरावे आणि ते तेथेच किमान ४० टक्के अल्कोहोलसह बाटलीबंद व्हावे, अशाही अटी आहेत. हा मानदंड कायदा नाही, संघटनेच्या सदस्यांनी स्वीकारलेला आहे. म्हणून लेबल तपासणे हा मूल्यमापनाचा पहिला भाग ठरतो. कोजी बुरशीने तांदळाचे शर्करीकरण करून काढलेले, पिंपात मुरवलेले काही जपानी मद्य परदेशात व्हिस्की म्हणून विकले जाते, पण माल्टविना केलेले असल्यास ते या मानदंडात बसत नाही. भारतीय वाचकाने आणखी एक फरक ध्यानात घ्यावा. आपल्याकडच्या अनेक लेबलांवरील ‘ग्रेन’ हा उल्लेख धान्यापासून काढलेल्या, न मुरवलेल्या तटस्थ अल्कोहोलचा असतो, तर येथे अभिप्रेत असलेले मद्य पिंपात मुरूनच पूर्ण होते.

चाखण्यासाठी तोंडाशी निमुळता होणारा ट्युलिपच्या आकाराचा पेला घ्यावा आणि त्यात १५ ते २० मिलिलिटर व्हिस्की ओतून ती काही मिनिटे तशीच ठेवावी. रंगावरून वयाचा किंवा दर्जाचा अंदाज बांधू नये, कारण वरील मानदंडानुसार साधा कॅरॅमल रंग मिसळता येतो. अनेक व्हिस्की चाखायच्या असतील, तर ग्रेन सर्वांत आधी घ्यावी; पीटयुक्त माल्टनंतर तिचे बारकावे नाकाला जाणवत नाहीत.

खरी परीक्षा गंधाची. पेला एकदम नाकाशी न नेता थोड्या अंतरावरून, तोंड किंचित उघडे ठेवून लहान लहान हुंगण्या घ्याव्यात. मक्यावर आधारलेल्या व्हिस्कीत व्हॅनिला, नारळ, मध, उकडलेल्या मक्याची गोडसर वाफ आणि पिकलेल्या केळ्याचा गंध आढळतो. यांतील व्हॅनिला आणि नारळ लाकडातून येतात. अमेरिकन ओकमधील लॅक्टोन संयुगांना नारळाचा वास असतो. केळ्याचा गंध किण्वनात तयार होणाऱ्या एस्टरांचा असतो. पिंपाने दिलेले काय आणि मद्याचे स्वतःचे काय, हे वेगळे काढता येणे हे ग्रेन व्हिस्की चाखण्यातले मुख्य कौशल्य होय, कारण हलक्या मद्यावर लाकूड सहज कुरघोडी करते. नुसते व्हॅनिलाच दरवळत असेल आणि त्याच्या मागे धान्याचा मागमूस नसेल, तर ती व्हिस्की गोड वाटली तरी सामान्यच समजावी. मिझुनारा या जपानी ओकच्या चंदन-उदबत्तीसारख्या गंधाची बरीच चर्चा होते; परंतु प्रत्येक जपानी बाटलीत तो शोधणे व्यर्थ आहे.

पहिला घोट लहान घेऊन जिभेवर सर्वत्र फिरवावा. व्हिस्कीत साखर जवळपास नसतेच. जाणवणारा गोडवा बहुतांशी गंधाचा असतो आणि घशामागून नाकाकडे जाणाऱ्या वाफेतून तो पुन्हा उमटतो. पोत साईसारखा, तेलकट की पाणचट, हे येथे ठरवावे. कॉफी स्टिलची व्हिस्की जिभेवर जड बसते, चिता तुलनेने हलकी आणि कोरडी वाटते, तर फुजीत डबलरवरील मद्यामुळे मसाल्याची व ओकची धार येते. नेलपॉलिशसारखा उग्र वास, कच्च्या अल्कोहोलची जळजळ, ओल्या पुठ्ठ्याची छटा किंवा शेवटी उरणारा लाकडाचा तुरट कडवटपणा हे दोष मानले जातात. गिळल्यावर टिकणारी चव माल्टच्या मानाने आखूड असते आणि तो दोष नाही; ती स्वच्छपणे संपते की कडू होत जाते, हे पाहावे.

यानंतर थेंबाथेंबाने पाणी घालून पुन्हा हुंगावे. व्हिस्कींचे मिश्रण ठरवणारे तज्ज्ञ (ब्लेंडर) नमुने सुमारे २० टक्के अल्कोहोलपर्यंत पातळ करून तपासतात, कारण त्या पातळीवर अल्कोहोलचा दाह नाकाआड येत नाही आणि दोष लपत नाहीत. जपानमध्ये या परीक्षेला सामाजिक आधारही आहे. तेथे व्हिस्की बहुधा जेवणाबरोबर, पाणी घातलेली मिझुवारी किंवा सोडा घातलेला हायबॉल म्हणून घेतली जाते. एका भागाला तीन-चार भाग सोडा घातल्यावरही धान्याचा गोडवा आणि फळांचा गंध टिकून राहिला, तर ती व्हिस्की ज्या उपयोगासाठी घडवली त्यात उत्तीर्ण झाली असे म्हणता येते. पाणी किंवा सोडा न घालता केवळ निव्वळ व्हिस्की चाखून दिलेले गुण या दृष्टीने अपुरे आहेत, आणि चिताला परदेशी समीक्षकांकडून मिळणारी ‘फिकी’ ही शेरेबाजी बऱ्याचदा याच अपुरेपणातून येते.

वयाचा उल्लेख बहुतेक प्रचलित बाटल्यांवर नसतो. दीर्घकाळ मुरलेली ग्रेन व्हिस्की, उदाहरणार्थ ‘फुजी’ची ३० वर्षांची आवृत्ती, वेगळ्या वर्गात मोडते; तिच्यात लाकडाचा वाटा इतका वाढलेला असतो की तरुण ग्रेन व्हिस्कीशी तिची तुलना करण्यापेक्षा जुन्या बर्बनशी किंवा जुन्या स्कॉच ग्रेनशी करणे अधिक योग्य. टिपण ठेवताना डिस्टिलरी, अल्कोहोलचे प्रमाण आणि घातलेल्या पाण्याचे माप हे तिन्ही लिहावेत. ४३ टक्क्यांची एक आणि ४६ टक्क्यांची दुसरी व्हिस्की समान पातळीवर आणल्याशिवाय पोताविषयी काढलेला निष्कर्ष भरवशाचा नसतो.