आधी आई ओलीस, मग सगळं घरदार

१६०० साली, जपानमधल्या सेकिगाहाराच्या लढाईच्या काही महिने आधी, मात्सु ही विधवा एदोला, म्हणजे आजच्या टोकियोला, जायला निघाली. तिचा मुलगा माएदा तोशिनागा कागा प्रांताचा धनी. तो बंड करणार असा तेव्हाचा सर्वांत बलाढ्य सरदार तोकुगावा इएयासु याला संशय होता, म्हणून आई ओलीस गेली. सुटका झाली चौदा वर्षांनी, तोशिनागा वारल्यावर. दाइम्यो, म्हणजे जपानी सरदार, कसे जगले हे समजून घ्यायचं तर मला वाटतं सुरुवात तलवारीपासून नको, या आईपासून करावी.

सेकिगाहाराची लढाई जिंकून १६०३ मध्ये इएयासु शोगुन, म्हणजे देशाचा लष्करी सत्ताधीश, झाला. त्याचा नातू इएमित्सु याने १६३५ मध्ये या धाकाला कायद्याचं रूप दिलं. सर्वसाधारणपणे दाइम्योने एक वर्ष एदोत राहायचं, एक वर्ष आपल्या मुलखात. बायको आणि वारस मात्र कायम एदोत. एदोच्या वाटांवरच्या नाक्यांवर दोन गोष्टींवर डोळ्यांत तेल घालून पहारा असे: एदोत शिरणाऱ्या बंदुका आणि एदोतून निघणाऱ्या बायका. बायकांची झडती बायकाच घेत. केस सोडून पाहत, परवान्यातलं वर्णन जुळतंय का ते तपासत.

दाइम्यो म्हणवून घ्यायला किमान दहा हजार कोकूंचा मुलूख लागे. एक कोकू म्हणजे एका माणसाला वर्षभर पुरेल इतका तांदूळ, साधारण दीडशे किलो. कागा दहा लाख कोकूंच्या वर. कागाची राजधानी कानाझावा, तिथून एदो सुमारे ४८० किलोमीटर, बारा-तेरा दिवसांची वाट, आणि सोबत दोन ते चार हजार माणसं! वाटेतले मुक्काम, हमाल, घोडे, शिवाय एदोतले वाडे. उत्पन्नाचा मोठा हिस्सा यातच जाई. तांदूळ ओसाकाच्या बाजारात विकायचा, तिथल्याच सावकारांकडून कर्ज काढायचं, असं चक्र कित्येक घराण्यांच्या मागे लागलं. बंडासाठी पैसा उरणार कुठून?

एवढं करूनही गादीचा भरवसा नव्हता. १७०१ मध्ये आकोच्या आसानो नागानोरीने शोगुनच्या वाड्यात एका अधिकाऱ्यावर शस्त्र उपसलं. त्याच दिवशी त्याला पोट चिरून मरावं लागलं, मुलूख जप्त झाला आणि पदरचे सामुराई उघड्यावर आले.

१८६२ मध्ये शोगुनशाही खिळखिळी झाली, तेव्हा हा नियम सैल झाला आणि बायकामुलांना एदो सोडायची मुभा मिळाली. एदोतच जन्मलेल्या कित्येकींनी नवऱ्याचा मुलूख तेव्हा पहिल्यांदा पाहिला.