कुमार अद्भुतकादंबरी

साधारण बारा ते अठरा वर्षांच्या वाचकांसाठी लिहिलेली, जादू खरी असलेल्या जगात घडणारी कादंबरी. पुण्याच्या अप्पा बळवंत चौकातल्या पुस्तकांच्या दुकानात हे नाव घेऊन कुणी पुस्तक मागत नाही. तिथे ‘यंग अॅडल्ट फँटसी’ किंवा नुसते ‘फँटसी’ म्हटले की विक्रेत्याला कळते. संस्कृत काव्यशास्त्राने अद्भुत हा रस मानला आणि विस्मय हा त्याचा स्थायीभाव, म्हणजे मुळाशी असलेली भावना, सांगितला, म्हणून मराठीत ‘अद्भुत’ हा शब्द या प्रकाराला चपखल बसतो.

नायक किंवा नायिका वाचकाच्याच वयाची असते. घर सुटते, आपल्यात काही वेगळे आहे हे उमगते, आणि मोठ्यांनी करून ठेवलेला घोळ निस्तरण्याचे काम अंगावर पडते. परीकथेतल्या पोराला जादूची वस्तू सापडली की त्याचे भागते. इथे जादू शिकावी लागते, ती चुकते, उलटतेही. जादूने काय होत नाही, हे लेखकाने आधी पक्के ठरवलेले असावे लागते. मेलेला माणूस मंत्राने उठून बसणार असेल, तर दुसऱ्या प्रकरणानंतर वाचकाने कुणाची काळजी करायची?

मराठीत अद्भुत आधी मोठ्यांचे होते. बाबा पदमनजींच्या ‘यमुनापर्यटन’ने (१८५७) मराठी कादंबरी विधवांच्या दुःखापासून सुरू केली खरी, पण लगेच वारे अद्भुताकडे फिरले. लक्ष्मणशास्त्री हळबे यांची ‘मुक्तामाला’ १८६१ ची, नारो सदाशिव रिसबूड यांची ‘मंजुघोषा’ १८६८ ची. रिसबुडांनी प्रस्तावनेत आपली अडचण उघड मांडली आहे: आपल्याकडची लग्ने आणि एकूण आयुष्य असे की त्यात रंगवण्यासारखे काही घडतच नाही, तेव्हा मनोरंजन करायचे तर अद्भुताकडेच वळावे लागते. इतके प्रांजळ कारण पुढे कुठल्या फँटसीवाल्याने दिलेले नसेल. याच सुमारास पुण्यात कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी अरबी भाषेतल्या सुरस व चमत्कारिक गोष्टी मराठीत आणायला घेतल्या. ते काम पुढे त्यांचे चिरंजीव विष्णुशास्त्री यांच्याकडे आले. ‘तिळा तिळा दार उघड’ हे आज चार वर्षांच्या मुलालाही ठाऊक असते, पण या गोष्टींची मराठी मुलांच्या पुस्तकासाठी घडवलेली नव्हती.

वळण आले तेही पुण्यातच. हरि नारायण आपट्यांची ‘मधली स्थिती’ १८८५ मध्ये सुरू झाली, १८९० मध्ये त्यांचे ‘करमणूक’ साप्ताहिक निघाले, आणि कादंबरी वाड्याच्या माजघरात शिरली. सोवळे, केशवपन, सासुरवास यांच्यापुढे उडते घोडे पोरकट दिसू लागले. ‘वीरधवल’कार नाथमाधवांसारखे लेखक नंतरही होते, पण प्रतिष्ठा वास्तवाकडे गेली आणि अद्भुताची रवानगी मुलांच्या खोलीत झाली. आपट्यांनी कादंबरीला जे दिले ते मोठेच. त्याची किंमत मात्र कुमारवाचकाने भरली, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

लहानांना ‘चांदोबा’तला वेताळ मिळाला. १९७१ पासून पुण्याच्या बालभारतीचे ‘किशोर’ मिळाले. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे तर शिकायलाच पुण्यात. पण त्याची सगळी करामत सायकल, धाडस आणि डोके यांची, मंत्राचे तिथे काम नाही. पुणेकर नारायण धारपांच्या कादंबऱ्यांत अमानवी शक्ती होत्या, पण त्या मोठ्यांच्या भयकथा. पंधरा वर्षांची मुले त्या वाचनालयातून आणून अभ्यासाच्या पुस्तकाआड वाचत. दहाव्या वर्षापुढे आणि धारपांच्या अलीकडे जी जागा उरली, ती बऱ्याच अंशी भाषांतरांनी भरली.

भाषांतरात भाषेचा कस लागतो. ‘हॅरी पॉटर आणि परीस’ या नावातला ‘परीस’ आपल्या घरचाच, जिभेवर लगेच बसतो. ‘जादूची कांडी’ही चालते. ड्रॅगनला मात्र मराठी नाव नाही. अजगर उडत नाही आणि आगही ओकत नाही, म्हणून तो ड्रॅगनच राहतो. खरी पंचाईत चेटकिणीची. इंग्रजी कथेतली ही बाई झाडूवर बसून शाळेत जाऊ शकते. मराठीत ‘चेटकीण’ म्हटले की गावाने आळ घेऊन मारलेली बाई आठवते. करणी, भानामती, उतारा हे शब्दही असेच अजून गरम आहेत. अंधश्रद्धेविरुद्ध लढणाऱ्या नरेंद्र दाभोलकरांचा खून २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात, ओंकारेश्वराजवळच्या पुलावर झाला आणि त्याच वर्षी राज्यात जादूटोणाविरोधी कायदा आला. दाभोलकर ज्या ‘साधना’ साप्ताहिकाचे संपादक होते, ते दिवाळीला मुलांसाठी बालकुमार अंकही काढते. या शहरात जादूची कादंबरी लिहिणाऱ्याला आपली जादू बुवाच्या जादूपासून वेगळी काढून दाखवावी लागते. नियमबद्ध जादूच त्यातून वाट देते: तिथे नवस चालत नाही, सराव चालतो.

पार्श्वभूमी म्हणून पुणे घ्यायचे तर हात आधी शनिवारवाड्याकडे जातो. ३० ऑगस्ट १७७३ रोजी मारले गेलेले नारायणराव पेशवे जेमतेम अठरा वर्षांचे होते, म्हणजे नेमके या वाचकाच्या वयाचे. पण ‘काका मला वाचवा’ इतक्यांदा सांगून झाले आहे की ती किंकाळी आता दचकवत नाही. वेताळ टेकडी बरी. माथ्यावर भुतांच्या राजाचे देऊळ, आणि पहाटे त्याच्या दारात बूट घालून हातपाय ताणणारे पेन्शनर.

त्याहून सरस आहे ती जमिनीखालची वाट. नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजच्या तलावातून शनिवारवाड्यापर्यंत दगडी नळ बांधून पाणी आणले, तेही केवळ उताराच्या बळावर. वाटेत पेठांमधले हौद त्यावर भरत. फडके हौद, बदामी हौद ही नावे आज चौकांची आणि रिक्षावाल्याला सांगायच्या पत्त्यांची झाली आहेत. नळावर ठिकठिकाणी वरपर्यंत उभे दगडी धुराडे काढलेले असते, हवा जायला आणि गाळ काढायला माणूस उतरायला. त्याला उच्छ्वास म्हणतात. यातले काही बांधकामांत बुजले, काही रस्त्याच्या कडेला टिकून आहेत. शेजारी दुचाकी लावलेली असते, आणि झाकणाच्या फटीला कान लावला तर खालून पाण्याचा आवाज येतो का, हे शाळेतून येणारे एखादे पोर वाकून बघते.