फिलाडेल्फिया फिलीजची १९३० ची पिचिंग

अमेरिकेच्या नॅशनल लीगमधल्या फिलाडेल्फिया फिलीज या बेसबॉल टीमच्या पिचर्सची (बॉल टाकणाऱ्यांची) १९३० च्या सीझनमधली कामगिरी. टीमचा ईआरए ६.७१ होता आणि दिलेले रन १,१९९, हे दोन्ही आकडे १९०० नंतरच्या मेजर लीगमधले सगळ्यात वाईट धरले जातात. टीम ५२ मॅच जिंकली, १०२ हरली आणि आठ टीमांत आठवी आली, पहिल्या आलेल्या सेंट लुईस कार्डिनल्सच्या ४० गेम मागे. मॅनेजर होते बर्ट शॉटन.

ईआरए म्हणजे फिल्डरच्या चुकांमुळे गेलेले रन वगळून पिचरने दर नऊ इनिंगमागे दिलेले रन. क्रिकेटमधल्या बॉलिंग ॲव्हरेजसारखंच, जितका कमी तितका चांगला. इथे मॅचमागे साडेसातच्या वर रन गेले, म्हणजे ६.७१ च्या वर आणखी जवळपास एक रन फिल्डिंगच्या खात्यावर टाकावा लागतो, हे फक्त ईआरए बघणाऱ्यांच्या लक्षात येत नाही.

बॅटिंग मात्र जोरदार होती. टीमचं बॅटिंग ॲव्हरेज .३१५ (म्हणजे बॅटिंगच्या दर हजार संधींमागे ३१५ हिट), चक क्लाइनचं .३८६ (४० होम रन, १७० आरबीआय, म्हणजे त्याच्या बॅटिंगवर आलेले रन), लेफ्टी ओ'डूलचं .३८३. तरी जुलैमध्ये लागोपाठ दोन मॅचमध्ये १५-१५ रन करून टीम दोन्ही हरली, पिट्सबर्गकडून १६-१५ आणि शिकागो कब्जकडून १९-१५.

पिचर्समध्ये फिल कॉलिन्स (१६ विजय, ११ पराभव, ईआरए ४.७८) एवढाच नाव घेण्यासारखा. रे बेंजचा ईआरए ५.७० आणि त्याखाली लेस स्वीटलँड, क्लॉड विलोबी आणि हॅल एलियट हे तिघंही साडेसातच्या वर. ग्रोव्हर क्लीव्हलँड अलेक्झांडर हा कधीकाळचा सर्वश्रेष्ठ पिचर उतारवयात याच टीमकडे परत आला होता, तीन मॅच हरला, एकही जिंकला नाही, आणि त्याचं मेजर लीग करिअर इथेच संपलं.

कारणांबद्दल एकमत नाही. सगळ्यात जास्त सांगितलं जाणारं कारण म्हणजे बेकर बोल हे घरचं मैदान. उजव्या बाजूची भिंत फाउल लाइनवर फक्त २८० फुटांवर (साधारण ८५ मीटर), त्यामुळे दुसरीकडे साधा कॅच झाला असता असा बॉल इथे पत्र्याच्या भिंतीवर आपटून डबल (दोन बेसचा हिट) व्हायचा. भिंत मुळात सुमारे ४० फूट उंच, वर १९२९ च्या सुमारास जाळी चढवली. मालक विल्यम बेकर यांनी ती क्लाइनचे होम रन आणि पर्यायाने त्याचा पगार आटोक्यात ठेवायला लावली असं सांगतात, पण ही गोष्ट जरा जपूनच घ्यावी. भिंत जवळ असल्यामुळे क्लाइन राइट फिल्डमध्ये पुढे उभा राहायचा आणि त्या सीझनमध्ये त्याचे ४४ असिस्ट (थ्रो करून कोणाला आउट करायला केलेली मदत) झाले, जो आउटफिल्डरसाठी आधुनिक काळातला विक्रम आहे. (याच भिंतीवर लाइफबॉय साबणाची जाहिरात होती, फिलीज लाइफबॉय वापरतात अशी, आणि तरी घाण वास येतोच असा जोक गावात चालायचा.)

पण सगळा दोष मैदानाला देणं पटत नाही. एक तर त्या वर्षी टीम घरच्यापेक्षा बाहेर जास्त वाईट खेळली. दुसरं, याच मैदानाला घर मानून अलेक्झांडरने १९१५ मध्ये १.२२ चा ईआरए ठेवून टीमला पहिलं पेनंट (लीगचं विजेतेपद) मिळवून दिलं होतं आणि १९१६ मध्ये ३३ मॅच जिंकताना १६ शटआउट (समोरच्या टीमला एकही रन न देता जिंकलेल्या मॅच) टाकले होते. अर्थात तेव्हाचा बॉल वेगळा होता, पिचर्सना तो घासायला-थुंकी लावायलाही चालायचं, म्हणून ही तुलना एका मर्यादेपर्यंतच घ्यायची.

दुसरं मत बॉलचं. १९३० मध्ये अख्ख्या नॅशनल लीगचं बॅटिंग ॲव्हरेज .३०३ आणि ईआरए ४.९७ होता, बिल टेरीने .४०१ मारले, हॅक विल्सनने ५६ होम रन मारले. बॉल मुद्दाम जिवंत (जास्त उसळून लांब जाणारा) केला, असा तेव्हाही आरोप होता आणि बनवणारे तो नाकारत होते. त्यानंतरच्या हिवाळ्यात मात्र लीगने जाड कातडं आणि उंच शिवण असलेला बॉल आणला, आणि १९३१ मध्ये लीगचं ॲव्हरेज .२७७ वर आलं. त्याच वेळी सॅक्रिफाइस फ्लायचा नियमही (उंच मारून कॅच आउट होताना रनर पुढे सरकला तर ती संधी ॲव्हरेजमध्ये न धरण्याचा) काढल्यामुळे ॲव्हरेजमधली थोडी घट कागदावरचीच आहे. पण बॉल आठही टीमांना सारखाच होता, त्यामुळे लीगपेक्षा पावणेदोन रनांनी जास्त असलेला फिलीजचा ईआरए त्यातून सुटत नाही.

उरतं ते पैशांचं कारण, आणि तेच जास्त वजनदार वाटतं. बेकर यांनी १९१७ च्या शेवटी अलेक्झांडरला कब्जला विकलं, तेव्हापासून चांगला खेळाडू तयार झाला की विकायचा ही टीमची रीतच पडली होती आणि टीम बहुतेक वर्षं तळाशीच राहिली. १९३० च्या शेवटी ओ'डूलला ब्रुकलिनला देऊन जे खेळाडू आणले त्यात जम्बो एलियट होता (हा वेगळा, वरचा हॅल नाही) आणि त्याने १९३१ मध्ये १९ मॅच जिंकल्या. बेंजचा ईआरए ३.१७ वर आला, टीमचा ४.५८ वर, आणि ६६ विजयांसह टीम सहावी आली. यात नव्या बॉलचा वाटा किती आणि नव्या माणसाचा किती हे वेगळं करणं अवघड आहे.

१९३८ च्या मध्यावर फिलीजने बेकर बोल सोडून शाइब पार्क गाठलं. १९३० च्या या नकोशा विक्रमाच्या जवळ जाणारी नंतरची टीम म्हणजे १९९६ ची डेट्रॉइट टायगर्स, ईआरए ६.३८ आणि दिलेले रन १,१०३.