‘जड उचलू नकोस’ : एका सल्ल्याची पार्श्वभूमी

पाळी जाण्याच्या वयात बाईने व्यायाम करावा, याबद्दल आज कोणाचे दुमत नाही. वाद आहे तो वजने उचलण्याचा. ‘जड उचललं की अंग बाहेर येतं’ ही भीती आपल्याकडे सासूकडून सुनेकडे आणि आईकडून लेकीकडे चालत आली आहे. बाळंतपणानंतरच्या दिवसांत किंवा ओटीपोटाचा तळ सैल पडलेला असताना ती रास्तही असते. पण तोच सल्ला पन्नाशीच्या सरसकट सगळ्या बायकांना लागू झाला आणि व्यायाम म्हणून त्यांच्या वाट्याला सकाळचे चालणे तेवढे उरले. हाडांचे शास्त्र मात्र बऱ्याच आधीपासून वेगळे काही सुचवत होते.

१८६० च्या दशकात झुरिकमध्ये हेर्मान फोन मायर या शरीररचनातज्ज्ञाने मांडीच्या हाडाचा उभा छेद दाखवला, तेव्हा कार्ल कुलमान या अभियंत्याला त्या छेदातील बारीक जाळीत ओळखीचे काही दिसले. वजन पेलणाऱ्या वाकड्या क्रेनमध्ये ताण आणि दाब ज्या रेषांनी वाहतात, जवळपास त्याच रेषांनी हाडाची जाळी विणलेली होती. पुढे १८९२ मध्ये बर्लिनच्या युलिउस वोल्फ यांनी नियम मांडला की, हाडावर येणारा भार बदलला की त्याची घडणही बदलते. क्रेनशी केलेली तुलना काटेकोर नव्हती, हे नंतर दाखवले गेले; तरी हाड म्हणजे घरातल्या खांबासारखी निर्जीव वस्तू नव्हे, हा मूळ मुद्दा टिकला.

पन्नाशीच्या बायकांच्या हाडांकडे वैद्यकाचे लक्ष गेले ते दुसऱ्याच वाटेने. बोस्टनचे फुलर अल्ब्राइट यांनी १९४० च्या सुमारास मणके खचलेल्या रुग्णांमध्ये पाळी थांबलेल्या बायकाच बहुसंख्य आहेत, हे हेरले आणि त्याचा संबंध इस्ट्रोजेन या स्त्री-संप्रेरकाच्या (हार्मोनच्या) घटीशी जोडला. हाड रोज थोडे पोखरले जाते आणि रोज थोडे भरले जाते. पोखरणाऱ्या पेशींना इस्ट्रोजेन आवर घालते, आणि ते कमी झाले की पोखरण भरणीपेक्षा पुढे जाते. अमेरिकेत १९९० च्या दशकात सुरू झालेल्या दीर्घ पाहणीत हे मोजताही आले : शेवटच्या पाळीच्या साधारण एक वर्ष आधीपासून पुढच्या दोन वर्षांपर्यंत हाडांची घनता सर्वांत वेगाने घसरते. अल्ब्राइट यांचे निदान अचूक होते, पण त्यातून उपायही संप्रेरकाचाच, असे समीकरण होऊन बसले आणि भाराचा विचार मागे पडला.

व्यायामाचे संशोधन तरी बायकांपर्यंत कुठे पोचले होते? लंडनच्या बसगाड्यांत दिवसभर बसून असणाऱ्या चालकांपेक्षा जिने चढणाऱ्या कंडक्टरांना हृदयविकार कमी होतो, हा जेरी मॉरिस यांचा १९५३ चा गाजलेला निष्कर्ष पुरुषांवरचा होता. १९२८ च्या अ‍ॅमस्टरडॅम ऑलिंपिकमध्ये बायकांची ८०० मीटर शर्यत झाली, काही धावपटू शेवटी दमून खाली बसल्या, वर्तमानपत्रांनी त्याचा बभ्रा केला आणि ती शर्यत १९६० पर्यंत बंद राहिली. पुरुष धावपटू दमून आडवा झाला तर त्याची जिद्द वाखाणली जाई, एवढे इथे नोंदवायला हवे.

कलाटणी देणारा प्रयोग माणसांवर झालाच नाही. क्लिंटन रूबिन आणि लान्स लॅन्यन यांनी १९८४ मध्ये पक्ष्याच्या पंखातील हाडावर यंत्राने ठरावीक भार दिला. दिवसाला ३६ आवर्तनांनी हाड वाढले. आवर्तने १,८०० पर्यंत नेली तरी त्याहून अधिक लाभ दिसला नाही. थोडक्यात, हाड किती वेळा ताण आला हे फारसे मोजत नाही, किती मोठा आणि किती अनोळखी ताण आला हे मोजते. रोजचे चालणे हृदयासाठी आणि रक्तातील साखरेसाठी उत्तम असूनही पाठीच्या मणक्यांना त्याचे फारसे अप्रूप का वाटत नाही, याचे उत्तर यात आहे.

बोस्टनमधील टफ्ट्स विद्यापीठाच्या मिरियम नेल्सन यांनी १९९४ मध्ये ५० ते ७० वयाच्या ३९ बायकांवरचा वर्षभराचा प्रयोग प्रसिद्ध केला. आठवड्यातून दोनदा चांगली जड वजने उचलणाऱ्या गटाची मणक्यातील आणि खुब्यातील घनता सुमारे एक टक्क्याने वाढली, तर दुसऱ्या गटाची दोन टक्क्यांच्या आसपास घटली. शिवाय ताकद आणि तोल दोन्ही सुधारले. खुबा मोडतो तो बहुधा पडल्यामुळेच, हे लक्षात घेतले तर ही बाब दुय्यम नाही. तरीही डॉक्टरांचा भर संप्रेरकांच्या गोळ्यांवरच राहिला. जुलै २००२ मध्ये अमेरिकेतील १६,६०८ बायकांवरची, इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टिन ही दोन संप्रेरके एकत्र देणारी चाचणी स्तनाचा कर्करोग आणि पक्षाघाताचा धोका वाढल्याने मुदतीआधी थांबवावी लागली. त्याच चाचणीत अस्थिभंग कमी झाले होते आणि त्या बायकांचे सरासरी वय ६३, म्हणजे पाळी जाण्याच्या वयाच्या बरेच पुढचे, होते. पण भीती पसरायची ती पसरली, आणि गोळीशिवाय काय करता येईल हा प्रश्न नव्याने निकडीचा झाला.

त्याचे सर्वांत धीट उत्तर ऑस्ट्रेलियातील ग्रिफिथ विद्यापीठात बेलिंडा बेक यांच्या गटाने दिले. हाडे आधीच विरळ झालेल्या, ५८ वर्षांवरच्या १०१ बायका त्यांनी निवडल्या. त्यातील निम्म्यांनी आठ महिने, आठवड्यातून दोनदा, अर्धा-अर्धा तास जमिनीवरून बारबेल (दोन्ही टोकांना वजने लावलेली दांडी) उचलणे, ती खांद्यांवर घेऊन बसणे-उठणे आणि डोक्यावर नेणे असे प्रकार केले. पाच-पाच वेळा, पाच फेऱ्या. त्याशिवाय आडव्या दांड्याला धरून वर उडी घ्यायची आणि पाय आपटत खाली उतरायचे. वजन हळूहळू वाढवत, एका दमात जेवढे कमाल उचलता येईल त्याच्या ८५ टक्क्यांवर नेले होते. २०१८ मध्ये छापून आलेल्या निकालात या गटाच्या मणक्यांची घनता २.९ टक्क्यांनी वाढलेली होती. घरी हलका व्यायाम करणाऱ्यांची १.२ टक्क्यांनी घटली होती. दुखापत म्हणाल तर एकीच्या कमरेत लचक भरली.

अर्थात प्रत्येक सत्रात शेजारी प्रशिक्षक उभा होता, आणि सुरुवातीचे आठवडे केवळ कंबर न वाकवता उचलायचे कसे, हे शिकण्यात गेले होते. घरी सिलिंडर ओढणे म्हणजे हा व्यायाम नव्हे. दुसरे असे की, घनता वाढल्याने प्रत्यक्ष अस्थिभंग किती टळतात हे दाखवायला शंभर बायका पुरत नाहीत. त्यासाठी हजारोंचा गट अनेक वर्षे वजन उचलत ठेवावा लागेल.